रेझ्युमे पाठवून थकलात, इंटरव्ह्यूचा फोन येत नाही? या क्रमाने तपासा

चिंचवडला आमचं झेरॉक्स-प्रिंटिंगचं दुकान आहे. पुढचं काउंटर नवरा सांभाळतो, मागच्या कॉम्प्युटरवर मी. त्याआधी आठ वर्षं भोसरी एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एचआरला होते. तेव्हा रेझ्युमे बाजूला काढायचे, आता बाजूला काढलेले दुरुस्त करते. "मॅडम, चाळीस ठिकाणी टाकलाय, एक फोन नाही" हे आठवड्यातून चार-पाचदा तरी ऐकते. बिघाड दहा-बाराच आहेत, फिरून फिरून तेच. म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

माझ्याकडे येणारे बहुतेक आयटीआय, डिप्लोमा नाहीतर बीकॉम झालेले, अनुभव शून्य ते सहा-सात वर्षं. उदाहरणंही त्यांचीच आहेत. सॉफ्टवेअरवाल्यांच्या रेझ्युमेत माझा हात बसलेला नाही.

आधी लक्षण बघा

"फोन येत नाही" ही तक्रार एकच, पण त्यामागचे बिघाड निराळे असतात. आपलं यातलं कुठलं ते ठरवा.

सगळीकडे सामसूम आहे, नोकरीच्या पोर्टलवर कोणी उघडून पाहिल्याचंही दिसत नाही: बिघाड फाइलमध्ये, फोन नंबरमध्ये किंवा तुम्ही टाकताय त्या जागेत. तपासणी १, २ आणि ७.

पाहिल्याचं दिसतं, पुढे काही नाही: वरच्या अर्ध्या पानात गडबड. ३, ४ आणि ५.

फोन येतात, पण विम्याच्या, कॉल सेंटरच्या, "फील्ड सेल्स कराल का" अशा: तुम्ही नेमकं काय काम करता ते रेझ्युमेवरून कळत नाहीये. ३ आणि ५.

इंटरव्ह्यू होतो, "कळवतो" म्हणतात, कळवत नाहीत: रेझ्युमेने आपलं काम केलं. त्यात आता हात घालू नका. इंटरव्ह्यूची तयारी हा वेगळा विषय.

निवड होते, कागद तपासताना गळते: थेट ६ वर जा.

तपासणी १: फोन (खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं)

हसू नका. रेझ्युमे समोर धरून, त्यावर छापलेला नंबर एकेक आकडा वाचत दुसऱ्याच्या मोबाइलवरून लावा. पाठ असलेला नंबर लावायचा नाही, छापलेलाच लावायचा. माझ्या हातून एकदा एका मुलाच्या नंबरातले दोन आकडे उलटेपालटे टाइप झाले होते. तो दोन महिने तोच रेझ्युमे वाटत फिरला आणि फोन येत नाही म्हणून पुन्हा माझ्याकडेच आला. तेव्हापासून प्रिंट द्यायच्या आधी मी समोरच्याच्या नंबरवर मिस्ड कॉल देते. खिशात वाजला की मगच प्रिंट.

दुसरं, रिचार्ज. वैधता संपून काही दिवस गेले की इनकमिंगही बंद होतं. नोकरी सुटली की पहिली काटकसर तिथेच होते, आणि नेमका तेव्हाच फोन यायचा असतो.

तिसरं, कंपनीत मोबाइल गेटवर जमा करावा लागत असेल तर दिवसभर तुम्ही फोन उचलणारच नाही. एचआरवाले फोन करतात दहा ते पाच. दोनदा रिंग गेली की पुढचं नाव. त्यावर उपाय एका ओळीचा आहे. नंबरशेजारी लिहा: "संध्याकाळी ६ नंतर फोन, दिवसा व्हॉट्सअ‍ॅप." सुट्टी झाली की मिस्ड कॉल बघून स्वतः फोन लावा. अनोळखी नंबर म्हणून सोडून देऊ नका.

मेल आयडीही बघून घ्या. कॉलेजात गंमत म्हणून काढलेला, किंगबिंग लावलेला आयडी असेल तर नवीन काढा, नाव आणि एखादा आकडा पुरे. आणि तो आयडी मोबाइलवर लॉगइन आहे ना? इंटरव्ह्यूचं पत्र स्पॅममध्ये पडून आठवड्याने सापडल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

तपासणी २: फाइल समोर उघडते का (खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं)

स्वतःचा रेझ्युमे घरातल्या दुसऱ्या कोणाला मेल करा आणि त्यांच्या मोबाइलवर उघडा. वर्डची फाइल असेल तर टेबलं सरकलेली दिसतील, दीड पानाचं तीन पान झालेलं दिसेल. म्हणून पीडीएफ करून पाठवायची. जाहिरातीत वर्ड मागितली असेल तरच वर्ड. गुगल ड्राइव्हची लिंक पाठवू नका. निम्म्या लिंक "परवानगी मागा" असं म्हणतात, आणि परवानगी मागत बसायला कोणाला वेळ नसतो.

प्रिंटचा फोटो काढून पाठवणं हा आपल्याकडचा मोठा रोग. कॅमस्कॅनरवर २०२० मध्ये बंदी आली, सवय मात्र गेली नाही. फोटो माणसाला वाचता येतो, पण नोकरीच्या साइट आणि मोठ्या कंपन्यांची सिस्टीम आधी मजकूर वाचून शब्द शोधतात. "व्हीएमसी" (प्रोग्रॅमवर चालणारं एक मिलिंग मशीन) असं शोधलं की ज्यांच्या फाइलमध्ये तो शब्द सापडतो ते वर येतात. सगळ्याच सिस्टीमना फोटोतली अक्षरं वाचता येत नाहीत. तुम्ही पाच वर्षं व्हीएमसी चालवली असेल, पण अशा ठिकाणी तुमचं नाव त्या यादीत येतच नाही.

याची घरगुती चाचणी अशी. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मजकूर जसाच्या तसा, ओळीने उतरला तर ठीक. काहीच आलं नाही तर तुमची फाइल म्हणजे चित्र आहे. डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीत घुसली असेल तर दोन रकान्यांच्या डिझाइनचा प्रताप, एका रकान्याचं करा. आणि देवनागरी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर दुकानदाराने श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. लग्नपत्रिकेला तो फॉन्ट उत्तम, पण इथे युनिकोडच लागतं.

फाइलचं नावही बदला. "न्यू रेझ्युमे फायनल २" या नावाच्या फाइली माझ्या डाउनलोड फोल्डरमध्ये शेकड्याने पडून आहेत, आणि एचआरच्याही असतात. आडनाव, नाव, काम. बस.

तपासणी ३: लग्नाचा बायोडाटा काढून टाका (खर्च शून्य, वेळ पंधरा मिनिटं)

आपण दोन्हीला बायोडाटाच म्हणतो, त्यामुळे घोळ होतो. वर श्री गणेश प्रसन्न, खाली जन्मतारीख, उंची, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, भावंडं. एकाने रक्तगटसुद्धा लिहिला होता. यातलं काही चुकीचं नाही, पण फोन करायचा की नाही हे ठरवताना त्याचा उपयोग नाही, आणि जागा मात्र सगळ्यात महागडी खाल्लेली असते. पानाचा वरचा तिसरा भाग हीच काय ती तुमची पाटी.

आधार आणि पॅन नंबर तर अजिबात लिहू नका. रेझ्युमे किती हातांतून जातो याचा पत्ता नसतो. आमच्याच दुकानात लोक जुन्या प्रिंट विसरून जातात. निवड झाल्यावर कंपनी मागेल तेव्हा द्यायचे.

नंतर निघायचं ते "करिअर ऑब्जेक्टिव्ह". "आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा उपयोग करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावणे" हे वाक्य इंग्रजीत इतक्या वेळा वाचलंय की डोळे आपोआप त्यावरून उडी मारतात. तळाचं "मी जाहीर करतो की वरील माहिती सत्य आहे" हेही खासगी कंपनीला लागत नाही. छंद: संगीत ऐकणे, क्रिकेट. हेही काढा.

फोटो? जाहिरातीत मागितला असेल तर लावा. रिसेप्शन, हॉटेल अशा ठिकाणी मागतात. मशीनवर काम करणाऱ्याचा फोटो बघून मी कधी काही ठरवलं नाही.

मग त्या मोकळ्या जागेत काय घालायचं? पाच गोष्टी. नाव, राहता कुठे (पूर्ण पत्ता नको, "चिखली, पिंपरी-चिंचवड" पुरे, पहिल्या शिफ्टला पोचेल का एवढंच बघायचं असतं), कुठलं काम, किती वर्षं, आणि कधी रुजू होऊ शकता. पाचवी गोष्ट कोणी लिहीत नाही. दिवाळीआधी ऑर्डर वाढल्या की "लगेच" किंवा "१५ दिवसांत" या शब्दाला सोन्याचा भाव असतो.

तपासणी ४: कामाच्या ओळी (खर्च शून्य, पण एक पूर्ण संध्याकाळ)

खरं दुखणं इथे असतं. बाकी सगळं दुरुस्त केलं आणि हे तसंच राहिलं तर फरक पडणार नाही.

मागच्या पावसाळ्यात लातूरकडचा एक मुलगा आला. चार वर्षं चाकणला सीएनसीवर (प्रोग्रॅम देऊन चालवायचं कटिंग मशीन). रेझ्युमेत त्या चार वर्षांच्या एवढ्याच ओळी: सीएनसी ऑपरेटर म्हणून काम. मशीन चालवणे. क्वालिटी मेंटेन करणे. टीमवर्क. (रेझ्युमे इंग्रजीतच होता, मी इथे मराठीत सांगतेय.) मी विचारायला सुरुवात केली, आधी मशीनचा कंट्रोल, म्हणजे ते चालवणारी सिस्टीम.

"कंट्रोल कुठला?"

"फानुक."

"मशीन किती बघायचास?"

"दोन. एकटाच."

"जॉब काय?"

"शाफ्ट. मधे मधे बुश."

"टॉलरन्स?"

"वीस मायक्रॉन असायचं काही डायमेन्शनला."

"मोजायचास कशाने?"

"मायक्रोमीटर, बोअर गेज. नंतर एअर गेज आलं."

"सेटिंग?"

इथे तो थांबला. "इन्सर्ट बदलायचो, ऑफसेट द्यायचो. नवीन जॉबचं सेटिंग सेटर करायचा, मी हाताखाली."

पाच मिनिटांत सगळं आलं. ते आम्ही तसंच उतरवलं: सीएनसी टर्निंग, फानुक कंट्रोल, दोन मशीन एकट्याने; शाफ्ट आणि बुश, २० मायक्रॉनपर्यंत टॉलरन्स; इन्सर्ट बदल आणि टूल ऑफसेट स्वतः, नवीन जॉबचं सेटिंग सेटरच्या हाताखाली; मायक्रोमीटर, बोअर गेज, एअर गेजने तपासणी आणि रिपोर्ट लिहिणं.

तो म्हणाला, "सेटिंग येतं असंच लिहा ना." नाही लिहिलं. ट्रेड टेस्टला मशीनसमोर उभं करून सेटर विचारतो, जी-७१ हा प्रोग्रॅममधला कोड कशाला वापरतात, आणि त्या एका प्रश्नात खरं बाहेर येतं. शिवाय "हाताखाली" हा शब्द वाचून प्रॉडक्शनच्या माणसाला कळतं की पोरगं सहा महिन्यांत सेटर होईल. खोटं लिहून जे मिळवायचं होतं ते खरं लिहूनच मिळतं. त्या मुलाला पंधरा दिवसांत तीन फोन आले. त्यातल्या दोघांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो फानुकचा.

तुमच्या कामाला हेच प्रश्न लावा. कशावर काम केलं, काय बनवलं किंवा काय हाताळलं, किती, कुठल्या अचूकतेने, कोणाच्या मदतीशिवाय. अकाउंट्सचा रेझ्युमे असेल तर "टॅली आणि जीएसटीचे ज्ञान" यात काही नाही. महिन्याला किती बिलांच्या एन्ट्री करता, बँक रिकन्सिलिएशन तुमच्याकडे आहे का, जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) तुम्ही भरता की डेटा तयार करून सीएंकडे देता, ई-वे बिल कोण काढतं? हे लिहा. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेची, रिटर्न भरायची धावपळ ज्याने केलीय त्याची ओळ वेगळीच दिसते.

जुने शब्दही पकडतात. जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला, तरी "व्हॅट, सर्व्हिस टॅक्स रिटर्न" घेऊन फिरणारे रेझ्युमे येतात. क्वालिटीवाले अजून "टीएस १६९४९" (गाड्यांच्या भागांसाठीचं जुनं क्वालिटी स्टँडर्ड) लिहितात, त्याच्या जागी आयएटीएफ १६९४९ येऊनच २०१६ पासून इतकी वर्षं झाली. असा शब्द दिसला की वाचणाऱ्याला वाटतं, एक तर हा माणूस तेव्हापासून कामात नाही, नाहीतर कोणाचा तरी रेझ्युमे कॉपी केलाय. दुसरी शक्यता जास्त खरी असते. एकदा एकाच आठवड्यात माझ्याकडे तीन मुलं आली, तिघांच्याही रेझ्युमेत एकच स्पेलिंग चुकलेलं.

फ्रेशर असाल तर अनुभवाच्या जागी अप्रेंटिसशिप, इनप्लांट ट्रेनिंग, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. प्रोजेक्ट चौघांत केला असेल तर तुमचा भाग कुठला ते लिहा, फॅब्रिकेशन केलंत की रिपोर्ट टाइप केला. रिपोर्ट टाइप केला असेल तर प्रोजेक्टच्या ओळीऐवजी वर्कशॉपमध्ये हाताने काय केलंत ते घाला. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप पूर्ण करून एनएसी (राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट) मिळालं असेल तर ते शिक्षणाच्या वर, ठळक. पोरं ते तळाला "इतर" मध्ये टाकतात, जीव तुटतो.

तारे आणि पट्ट्या काढा. "वेल्डिंग: पाचपैकी चार तारे" म्हणजे काय? मिग की टिग, किती जाडीची प्लेट, हे लिहिलं तर कळेल.

तपासणी ५: जाहिरातीचे शब्द (प्रत्येक अर्जाला दहा मिनिटं)

एकच रेझ्युमे चाळीस ठिकाणी पाठवला की चाळीस ठिकाणी तो थोडाथोडा चुकीचा ठरतो. जाहिरात वाचा, त्यातले कामाचे तीन-चार शब्द घ्या, तुम्हाला ते खरोखर येत असतील तर रेझ्युमेत त्याच शब्दांत आहेत का बघा. ते "इन-प्रोसेस इन्स्पेक्शन" म्हणतात, तुम्ही "लाइन चेकिंग" लिहिलंय, काम एकच. पण शोधणाऱ्या सिस्टीमला ते कळेलच असं नाही, आणि नव्याने लागलेल्या एचआरच्या मुलीलाही नाही. मीही पहिल्या वर्षी पीपॅप आणि कायझन यातलं काही जाणत नव्हते. जाहिरातीच्या कागदावर जो शब्द, तोच रेझ्युमेत शोधायचे.

काही जण जाहिरातीचे सगळे शब्द पांढऱ्या अक्षरांत तळाला लपवायची युक्ती सांगतात. करू नका. नोटपॅडच्या चाचणीत ते जसं तुम्हाला दिसेल तसं समोरच्यालाही दिसतं.

सगळ्यात वर पदाचं नाव लिहा, जाहिरातीतलंच. विम्याचे आणि सेल्सचे फोन येणाऱ्यांचा बिघाड बहुतेक वेळा इथेच सुटतो. "कुठल्याही कामाला तयार" असं लिहिलं की कुठल्याही कामाचे फोन येतात.

तपासणी ६: तारखा, ठेकेदार, गॅप (एक दिवस, थोडी मनाची तयारी)

चाकण, तळेगाव, रांजणगाव कुठेही जा, निम्मी पोरं ठेकेदाराच्या पेरोलवर. काम मोठ्या कंपनीत, पगार ठेकेदाराकडून, आणि रेझ्युमेत मोठ्या कंपनीचं नाव. पडताळणीत नवी कंपनी तिथे विचारते, उत्तर येतं की असा कोणी आमच्या रोलवर नव्हता. झालं, खोटारडा ठरलात, आणि काम तर खरं केलं होतं! सरळ लिहा: ठेकेदाराचं नाव, आणि शेजारी "कामाचं ठिकाण" म्हणून कंपनीचं. एचआरला ही पद्धत पूर्ण माहीत आहे, कोणी नाक मुरडत नाही. ट्रेनी म्हणून घेतलं होतं तर ट्रेनी लिहा.

तारखा पीएफशी जुळवून घ्या. ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर यूएएनने (पीएफसाठीचा तुमचा कायमचा नंबर) लॉगइन करून सर्व्हिस हिस्ट्री उघडली की कुठल्या कंपनीत कधी रुजू, कधी सोडलं हे दिसतं. पडताळणी करणारेही तेच बघतात. दोन महिने इकडचे तिकडे झाले तर विचारतात. सहा महिने ताणले तर विचारतही नाहीत, सरळ नाव काढतात. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीखच टाकली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवरून तुम्हाला स्वतः भरता येते. ते आधी उरका.

गॅप एका ओळीत सांगा. "२०२१-२२: वडिलांचं आजारपण, गावी शेती." लपवायला गेलात तर वाचणारा त्याहून वाईट कारण मनात धरतो. वर्ष गेलं असेल तर उत्तीर्ण झाल्याचं खरं वर्ष. विषय राहिला असेल तर "अंतिम वर्ष, एक विषय बाकी." पास लिहून गुणपत्रिका मागितल्यावर खाली मान घालून बसलेले मी समोर पाहिलेत. मलाच वाईट वाटायचं.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी कंसात पूर्वीचं नाव लिहावं. सर्टिफिकेटवर एक आणि रेझ्युमेवर दुसरं, यात एचआरचा अर्धा तास जातो आणि गठ्ठा मोठा असला की तो अर्धा तास कोणी देत नाही.

तपासणी ७: टाकताय कुठे (आठवडे लागतात)

वरचं सगळं नीट असून सामसूम असेल तर रेझ्युमे सोडा, जागा बदला. पाच वर्षं अनुभव मागणाऱ्या जाहिरातीला एका वर्षावर अर्ज करत असाल तर रेझ्युमे सोन्याच्या शाईने लिहून उपयोग नाही. जुन्या प्रोफाइलवर काही हालचाल नसली की पोर्टलवर ती मागे पडते. आठवड्यातून एकदा लॉगइन करून काहीतरी अद्ययावत करा. राज्य सरकारचं महास्वयं आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस, दोन्ही फुकट आहेत, नोंदणी करून ठेवा. आयटीआय, डिप्लोमावाल्यांनी अप्रेंटिसशिपचं पोर्टलही.

पण खरं सांगू का, आमच्या कंपनीत ऑपरेटरच्या जागा बहुतेक जाहिरातीआधीच भरायच्या. लाइनवरचा कोणीतरी म्हणायचा, "मॅडम, आमच्या गावचा एक आहे." त्या एकाचा रेझ्युमे मी पूर्ण वाचायचे. तेव्हा पाच ओळखीच्यांना पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा, सोबत एका ओळीत काम आणि अनुभव. "बघ काहीतरी" एवढं लिहू नका, पुढे पाठवताना त्या बिचाऱ्याने काय लिहायचं?

बदल एका वेळी एकच करा आणि मोजा. जुन्या रेझ्युमेवर दहा अर्ज, नव्यावर दहा. वहीत तारीख, कंपनी, पद, काय झालं. रोज रेझ्युमे बदलणाऱ्याला कशाने फोन आला ते कधीच कळत नाही.

कधी थांबायचं आणि कोणाकडे जायचं

सरकारी भरतीची तयारी करत असाल तर यातलं काही लागत नाही. तिथे अर्जाचा नमुना ठरलेला, परीक्षा ठरलेली. रेझ्युमेवर वेळ घालवू नका.

दहावीच्या सर्टिफिकेटवर, आधारवर आणि डिग्रीवर नाव तीन प्रकारे असेल तर तो रेझ्युमेचा बिघाड नाही. स्पेलिंग चुकलं असेल तर त्या त्या बोर्डाकडे किंवा विद्यापीठाकडे, नाव बदललं असेल तर राजपत्रात प्रसिद्धी. आमच्यासारख्या दुकानातून फॉर्म भरून मिळेल, पण निर्णय तिथलाच.

पीएफमध्ये चुकीची कंपनी, दोन यूएएन, जन्मतारखेचा घोळ असेल तर पोर्टलवर स्वतः दुरुस्त होतो का ते आधी बघा. नाही झाला तर जुन्या कंपनीच्या एचआरला गाठा, जॉइंट डिक्लरेशन (तुमचा आणि कंपनीचा एकत्र अर्ज) लागेल. ते दाद देत नसतील तर ईपीएफओकडे तक्रार.

जाहिरातीत मागतात ते येतच नसेल, म्हणजे सगळ्यांना व्हीएमसी प्रोग्रामिंग हवं आणि तुम्ही फक्त ऑपरेटिंग केलंय, तर शब्द फिरवून काही होणार नाही. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या ठिकाणी छोटे कोर्स असतात, किंवा आहे त्याच कंपनीत सेटरच्या मागे लागा. दुसरा मार्ग फुकट आहे.

पैसे देऊन रेझ्युमे लिहून घ्यायचा का? दहा-बारा वर्षांचा अनुभव, क्षेत्र बदलायचंय, परदेशात अर्ज करायचेत, तर जरूर, त्या क्षेत्रातला माणूस गाठून. तीन वर्षांच्या ऑपरेटरने हजारो रुपये घालू नयेत. त्यापेक्षा तुमच्याच ट्रेडमधल्या एखाद्या सिनिअरला रेझ्युमे वाचायला द्या आणि फक्त एक विचारा: "मी काय काम करतो?" त्याला वाचून सांगता आलं नाही तर तपासणी ४ पुन्हा.

आणि कोणी नोकरीसाठी पैसे मागितले की तिथल्या तिथे थांबा. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, युनिफॉर्म, परत मिळणारं डिपॉझिट, नाव काहीही असो. मागच्याच महिन्यात एक मुलगी ऑफर लेटरची प्रिंट घ्यायला आली. इंटरव्ह्यू झालाच नव्हता, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि पत्राच्या तळाला साडेचार हजार भरायचा क्यूआर कोड. "पैसे भरलेस?" म्हटलं. "आज संध्याकाळी भरणारे," म्हणाली. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, जितका उशीर तितकी रक्कम हाताबाहेर. तिचे गेले नव्हते. तो नंबर ब्लॉक करून आम्ही तिचा रेझ्युमे उघडला. वर श्री गणेश प्रसन्न होतंच.